कुंडावरचा बेलभंडारा

झऱ्याच्या तोंडात हात घालायचं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं. वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेच्या आधी, आम्ही कुंड उपसायचो. सगळा गाळ निघाला की पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या दोन दगडांच्या फटीत कुणीतरी खांद्यापर्यंत हात घालून आत साचलेली मुळं, पाला, वाळू ओढून काढायची. मोठ्या माणसांचे हात तिथं जात नसत. माझा जायचा. सातव्या-आठव्या वर्षी गळ्यात पडलेलं हे काम मी लग्न झाल्यावर, दोन मुलं झाल्यावरही करत राहिले, कारण माझे हात काही फार जाडावले नाहीत आणि ती फट दुसऱ्या कुणाच्या ओळखीची नव्हती.

गंगापूर रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. शहर संपलं की पेरूच्या बागा, मग द्राक्षं, मग आमच्या भावकीच्या सात घरांची फुलांची वावरं, आणि वावरांच्या खाली नदी. नकाशात ती गोदावरी असेल, आमच्यासाठी ती गंगाच. काठाला एक बसकं देऊळ, आत महादेवाची पिंडी, आणि देवळासमोर काळ्या दगडाच्या पायऱ्यांचं हे कुंड. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं मोठ्या रस्त्याची गर्दी टाळून काठाकाठानं यायची, आमच्या कुंडात अंघोळ करायची, पिंडीवर पाणी घालायची आणि पुढं जायची. सटाण्याकडच्या बायका दरवर्षी यायच्या. त्यातली एक म्हातारी ओंजळीनं पाणी पिऊन आईला दरवर्षी तेच सांगायची, ‘आठलं पानी गोड शे व माय.’ इथलं पाणी गोड, हे ऐकून आई खूश व्हायची. जणू ते पाणी तिनंच घरात तापवून, गाळून ठेवलं होतं.

उपसण्याचा एक नियम होता. खाली उतरलेल्यानं झऱ्याचं नवं पाणी घोट्याला लागेपर्यंत बोलायचं नाही. सात घरांची माणसं घमेली हातोहात वर देत असायची आणि एवढ्या माणसांत नुसता फावड्यांचा आवाज यायचा. मुकेपणानं काम करायचं म्हटल्यावर हसू येणारच. माझा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मुद्दाम माझ्यासमोर उभा राहून डोळे तिरळे करायचा. मी हसले तर वडील वरून बघायचे, आणि बोलणी मला बसायची, त्याला नाही. पाणी घोट्याला लागलं की पहिली आरोळी त्याची असायची. निघालेला गाळ आम्ही फुलांच्या वाफ्यांना घालायचो, आणि त्या वर्षीचा झेंडू बघून बाजारातले लोक विचारायचे, खत कुठलं.

लग्न होऊन मी देवळाली कॅम्पला गेले. तिथल्या एका शाळेत मी कारकून होते. माहेर एका बसच्या अंतरावर, त्यामुळे मी गेले असं कुणाला वाटलंच नाही, मलाही नाही. पण नव्वदच्या दशकात दर खेपेला कुंड थोडं वेगळं दिसायला लागलं. पेरूच्या बागा तुटून प्लॉट पडले. नव्या कॉलनीतली माणसं सकाळी फिरायला यायची आणि देवघरातलं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारून कुंडात टाकायची. गाठ का मारायची, हे मला आजवर कळलेलं नाही. पाण्यात फुटक्या तसबिरी, गुटख्याच्या पुड्या, गणपती झाल्यावर न विरघळलेले हात आणि सोंडा. मग एकानं नंदीच्या अंगाला टेकवून थंड पेयांचा फ्रिज ठेवला. पाठोपाठ पत्र्याची शेड आली, शेडीत वडापाव आला आणि उकळून काळं झालेलं तेल पायरीवरून खाली ओतलं जायला लागलं.

माझं डोकं फिरलं. दादाचंही फिरलं, आणि खरं सांगायचं तर ती आमची सगळ्यात चांगली वर्षं होती. अर्ज मी लिहायची, कारण अक्षर माझं चांगलं. अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या तो झिजवायचा. ‘कारकूनबाई, जरा कडक लिहा, सायबाला घाम फुटला पायजे,’ म्हणायचा. एकदा तर साहेब भेटेनात म्हणून त्यानं कुंडातल्या गाठी मारलेल्या पिशव्या पोत्यात भरून कचेरीच्या व्हरांड्यात नेऊन ठेवल्या आणि शेजारी मांडी घालून बसला. वास सुटल्यावर साहेब आपोआप भेटले. शेड हलली, फ्रिज हलला. त्या दिवशी दादानं नंदीला आपल्या हातानं न्हाऊ घातलं आणि नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटला. काय सांगितलंस विचारलं तर म्हणाला, ‘तुला कशाला? आमचं पर्सनल हाय.’ मी अख्ख्या कॅम्पात सांगत सुटले होते की भाऊ असावा तर असा. हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

वडील गेले तेव्हा प्रश्न आला कागदाचा. सातबाऱ्यावर ती जागा महादेवाच्या नावावर होती, पण देवाला सही करता येत नाही, म्हणून देवाच्या वतीनं बघणारा म्हणून वडिलांचं नाव होतं. आता तिथं कुणाचं तरी नाव लागायला हवं होतं. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांचे भाऊ वकील होते. त्यांनी नीट समजावलं, की एकाच नावावर ठेवू नका. सात घरांचा ट्रस्ट करा आणि एक करारपत्र करा, की ही जागा कुणाला भाड्यानं द्यायची नाही, बांधकाम करायचं नाही, झरा बुजवायचा नाही. मी स्टँपपेपर आणला आणि वकिलांनी सांगितलं तसं माझ्या अक्षरात सगळं लिहून काढलं. झऱ्याचं कलम मी माझ्या मनानं जास्तीचं घातलं होतं.

महाशिवरात्रीला सगळी भावकी देवळात असते, म्हणून मी तो कागद त्याच दिवशी नेला. दुपारची पूजा झाल्यावर मी करारपत्र वाचून दाखवलं.  मग दादा उठला. ‘आईच्यान, कागद कशाला लागतोय?’ म्हणाला आणि पिंडीवरचं बेलाचं पान उचलून त्यानं तळहात पुढं केला. आईनं भंडाऱ्याच्या वाटीतली चिमूटभर हळद त्या पानावर ठेवली. बेलभंडारा हातात घेऊन सात घरांसमोर दादा म्हणाला, ‘हे कुंड म्हादेवाचं हाय. माझं नाव नुसतं नावाला. मी हितं वीट लावनार नाय, झऱ्याला हात लावनार नाय.’ मग त्यानं ते पान कपाळाला लावून पिंडीवर वाहिलं.

आमच्यात बेलभंडारा उचलल्यावर विषय संपतो. त्यानंतर त्या माणसाकडे सही मागायची म्हणजे महादेव खोटा साक्षीदार आहे असं म्हणण्यासारखं आहे. जमिनीच्या हद्दी, सोयरिकी, मोटेच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं आमच्या लोकांनी त्याच्यावर चालवलेलं. चुलते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. कुणीतरी पेनसुद्धा काढलं होतं. आणि त्याच वेळी मीच बोलले, ‘राहू द्या. आता सही घेतली तर देवाचा अपमान होईल.’ हे दुसऱ्या कुणी सुचवलेलं नव्हतं. कागद लिहिणारी मी, तो घडी घालून पर्समध्ये ठेवणारीही मीच. वकिलांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. मला त्यांचा राग आला, शहरातल्या माणसाला हे कुठलं कळायला, असं वाटलं.

पुढची तीन-चार वर्षं काही झालं नाही. कुंड उपसलं जात होतं, मी हात घालत होते, सटाण्याची म्हातारी येत होती. मग सिंहस्थ जवळ आला आणि सगळ्या नाशकाला बांधकामाचं वारं लागलं. घाट, रस्ते, रंगरंगोटी. गंगापूर रोडला तर लॉन्सचं पीक आलं. पूर्वी माणसं मांडवात लग्न करायची, आता हिरवळीवर करायला लागली. जो तो आपल्या वावराला कमान लावून मोकळा. त्या वर्षी उपसायची तारीख विचारायला मी फोन केला तर दादा म्हणाला, ‘औंदा नको, पंप लावून घेतो, तू कशाला उन्हात तडफडतेस.’ मला वाटलं, भावाला बहिणीची काळजी. मला बरंसुद्धा वाटलं.

तरी मन राहिना. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी जुनी साडी पिशवीत घालून मी बसनं गेले. वावराच्या तोंडाशी मोठी कमान होती. कमानीवर देवाचंच नाव, पुढं ‘लॉन्स’. दारात गणवेशातला वॉचमन. त्यानं मला अडवलं आणि फार अदबीनं विचारलं, ‘ताई, नवरदेवाकडच्या का नवरीकडच्या?’  माझ्या बापाच्या वावराच्या तोंडाशी मी उभी होते आणि पाहुणी कुणाची ते सांगायचं होतं. शेवटी मी ‘नवरीकडची’ म्हटलं आणि आत गेले.

आत बँड वाजत होता. देवळाला ग्रॅनाइट लावलेलं, बसकेपणा जाऊन वर चकचकीत कळस. आणि कुंड निळं. पायऱ्यांवर, भिंतींवर निळ्या फरशा, मधोमध कारंजं. कारंज्याजवळ नवरा-नवरी फोटोसाठी उभे होते. मी चपला काढून पश्चिमेच्या कोपऱ्यात उतरले आणि फरशांवरून हात फिरवत गेले. फट जिथं होती तिथं सिमेंट होतं, आणि त्याच्यावर फरशी. पाण्याला स्विमिंग पूलसारखा औषधाचा वास होता. फोटोवाला वरून ओरडला, ‘मावशी, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.’

दादा मांडवात पाहुण्यांना हात जोडत उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मला बाजूला, वाढप्यांच्या तंबूमागं नेलं.

‘झरा बुजवलास?’

‘ओल येत व्हती. फरशी टिकंना. कंत्राटदार म्हनला, बंद केल्याशिवाय इलाज नाय.’

‘तू बेलभंडारा उचलला होतास.’

‘आरडू नको, पाहुणे हायेत.’ मग आवाज खाली घेऊन तो म्हणाला, ‘देवाचं काय वाईट केलं मी? चिखलात बसला व्हता तो. आता ग्रॅनाइट हाय, चोवीस तास लाइट हाय, रोज पुजारी येतो. तू वर्षातनं एकदा येनार, हात घालनार, जानार. बाकीचे दिवस प्लॅस्टिक कोन काढत व्हतं? मीच ना?’

ते खरं होतं. मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली, की खोट्यात त्यानं एवढं खरं मिसळलं होतं. मी चुलत्यांकडे गेले, एकेक करून उरलेली सहा घरं. कुणी चहा पाजला, कुणी मुलाच्या नोकरीचं सांगत बसला. लॉन्सच्या मांडवाची फुलं ही घरंच पुरवत होती. आमचीच शेवंती, आमचाच झेंडू, आमच्याच देवाच्या अंगणात, परक्याच्या लग्नाला. धाकट्या काकांनी तेवढं तोंडावर सांगितलं, ‘पोरी, तुझं खरं हाय. पन मला बोलायला लावू नको.’ उरलेल्यांनी तेवढंही सांगितलं नाही.

श्रावणात मी मुद्दाम गेले. यात्रेकरूंना मागच्या लहान दारानं सकाळी दोन तास आत सोडत होते. कुंडाला साखळी, अंघोळीला बंदी, बाहेर स्टीलच्या टाकीला चार नळ. सटाण्याची म्हातारी नळाखाली ओंजळ धरून उभी होती. प्यायली नाही. पाणी सांडून दिलं आणि मला विचारलं, ‘झिरा कोठे गया व माय?’  मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले आणि परत येताना ठरवलं की आता अर्ज करायचा, सख्ख्या भावाविरुद्ध.

 पूर्वी असाच अर्ज लिहिताना दादा शेजारी बसून कडक लिही म्हणायचा. घरात नवऱ्यानं एकदाच विचारलं, ‘माहेर तुटेल, चालेल?’ मी म्हटलं, सिमेंट फोडता येतं, अजून पाणी मेलेलं नसेल, पुढच्या पावसाळ्याच्या आत झालं तर झरा वाचेल. मला दुसरं काहीच नको होतं. लॉन्स राहो, कळस राहो, त्याची कमान राहो. ती हातभर फट मोकळी करा, एवढीच माझी मागणी होती, आणि अर्जात मी तेवढंच लिहिलं.

तहसील कचेरीत चौकशीचा दिवस यायला पुढचा उन्हाळा उजाडला. मी सही नसलेलं ते करारपत्रच पुरावा म्हणून जोडलं होतं. अधिकारी बरे होते, त्यांनी ते सगळं वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, ‘बाई, तुम्ही सगळं लिहिलंत, मग सह्या का घेतल्या नाहीत?’

मी सांगितलं, ‘त्यानं बेलभंडारा उचलला होता. आमच्यात त्यानंतर सही मागत नाहीत.’

दादाच्या वकिलानं हसू दाबलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी दादाला विचारलं. दादानं माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘असं काही झालं नाय साहेब. शिवरात्रीला पूजा झाली, बेल सगळेच वाहत्यात.’

‘कुणी बघितलंय?’ अधिकाऱ्यांनी मला विचारलं. बाकीच्या सहा घरांतलं कुणी आलेलं नव्हतं. पण आई आली होती. मी आधीच जाऊन तिला विचारलं होतं, येशील का, आणि ती म्हणाली होती, ‘येईन. जे झालं तेच सांगीन, दुसरं काय सांगनार.’ या एका वाक्याच्या बळावर मी अख्खं वर्ष काढलं होतं. हळद तिनं स्वतःच्या चिमटीनं ठेवली होती. दुसरा साक्षीदार हवाच कशाला?

आई खुर्चीच्या कडेवर बसली, पदर डोक्यावर ओढून. अधिकाऱ्यांनी आवाज मऊ करून विचारलं, ‘आजी, तुमच्या मुलानं शिवरात्रीला देवासमोर शपथ घेतली होती का? भंडारा तुम्ही दिला होता का?’

आईनं माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. मग तिनं टेबलावरच्या काचेकडे बघत सांगितलं, ‘मला नाय आठवत सायेब. वय झालं.’

तिला सगळं आठवतं. कुठल्या साली कुणाच्या वाफ्याला किती फुलं लागली, माझ्या लग्नात कुठल्या चुलतीनं कुठली साडी नेसली होती, सगळं. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. त्यांनी माझा अर्ज फेटाळला. दादा खाली मान घालून बसला होता, पण आईनं मान खाली घातली नव्हती.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. मला रडायचं होतं, ओरडायचं होतं, पण निघालं फक्त, ‘आई, हळद तू ठेवली होतीस.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘ठेवली व्हती.’

‘मग?’

‘तू आता बसमधी बसून तुझ्या घरी जाशील. मला त्याच्याच दारात उतरायचंय. म्हादेव मला घास भरवाया येनार हाय का?’ मग माझा हात, उजवा हात, तिनं दोन्ही हातांत धरला. ‘झरा गेला तो गेला. तू येत राहा.’

खाली दादाची गाडी लागलेली होती. तो दार उघडून उभा होता, आणि माझ्यासाठी मागचंही दार त्यानं उघडं ठेवलं होतं. आई पुढं बसली. मला राग दादाचा यायला हवा होता. त्यानं देवाला फसवलं होतं, ते देव आणि तो बघून घेतील. पण माझी आई देवळात बसूनही कधी देवाला घाबरली नव्हती आणि आज पोटच्या मुलाला घाबरली, हे मला त्या जिन्यात कळलं, आणि त्याचा राग कुणावर काढायचा हे कळेना.

काच खाली करून आईनं विचारलं, ‘येतेस का? भाकरी टाकते.’

मी नाही म्हटलं आणि बसस्टँडकडे चालायला लागले. पुढची सात वर्षं, आई जाईपर्यंत, मी दर दिवाळीला तिला भेटायला जात राहिले. तिनं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. ती माझ्या ताटात जास्तीचं वाढायची आणि मी ते सगळं खायची.